दोन डोस पाऊस

माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. मी वर्गात ओरडायला लागले की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी रवंथ करायच्या थांबतात, असं गावात म्हणायचे. म्हणोत बापडे. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी ओरडत होते ती भीतीपोटी, हे आज कबूल करायला हरकत नाही.

लढाईचे दिवस होते. मी सांगलीची, घरचा हळदीचा व्यापार. लग्नाला दीड वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला आणि मी भावाकडे परत आले. भावानं मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घातलं, त्याचे उपकार मी विसरायची नाही. पुढे सातारच्या स्कूल बोर्डानं रहिमतपूरच्या बाजूला एका गावात नेमणूक दिली, पण तात्पुरती. वर्षभरात दिपोटीसाहेब, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तर कायम. नाही पडला तर सांगलीची गाडी धरायची आणि जन्मभर भावजयीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या. भावजय वाईट नव्हती हो. मलाच पोळ्या लाटायच्या नव्हत्या.

शाळा गावाबाहेर, नदीच्या वाटेवर. तिसरी-चौथीच्या मिळून अकरा मुली माझ्या वाट्याला आल्या होत्या. शाळेचे हेडमास्तर त्याच गावचे. माणूस कष्टाळू, पण साहेब म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसायची. त्यांच्या मते शाळेत काही नवीन न घडणं हीच शाळा चांगली चालल्याची खूण.

पुस्तकात हवामानाचा एक धडा होता. ‘हवेतील बाष्प थंड होऊन त्याचे मेघ बनतात.’ मुली तो धडा पाढ्यासारखा घडाघडा म्हणायच्या. एक दिवस मी विचारलं, "बाष्प म्हणजे काय गं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक जण म्हणाली, "गावाचं नाव असंल, बाई." मी कपाळाला हात लावला. शेतात राबणाऱ्यांच्या मुली ह्या, आभाळाकडे बघून कणसं आत घ्यायची की नाही ते सांगतात, आणि पुस्तकात तेच आभाळ त्यांना ओळखू येत नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "चला बाहेर."

त्या दिवसापासून आमचा धडा अंगणात सुरू झाला. संध्याकाळी घरी जाताना एक पाटी उघड्यावर पालथी ठेवायची आणि सकाळी येऊन तिच्यावर किती दव धरलंय ते बोटानं रेघ ओढून बघायचं. बांबूला चिंधी बांधून वारा कुठला ते ठरवायचं. आणि पाऊस मोजायला बाटली. कंपाउंडर औषधाच्या बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवून देतो ना, डोसाच्या खुणांची, तसली एक बाटली मी घरून आणली होती. तिच्यात बसेल असं नरसाळं रहिमतपूरच्या पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्याचं करून घेतलं. झालं आमचं यंत्र. इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, मी फळ्यावर शिकवले, पण मुली शेवटपर्यंत डोसातच बोलायच्या. "बाई, रात्री चार डोस पाऊस झाला." "बाई, आज निस्ता अर्धाच डोस."

वर्गाची मागची भिंत रिकामी होती. तिच्यावर आम्ही चौकटी आखल्या, एका दिवसाला एक. ऊन असेल तर हळदीचा पिवळा टिपका, बाटलीत पाणी सापडलं तर कपड्याच्या निळीचा निळा. रोज सकाळी आठ वाजता बाटली वाचायची, अध्येमध्ये नाही, रविवारीसुद्धा चुकवायचं नाही. मी मुलींना एकच नियम घालून दिला होता आणि तो कितीदा ओरडून सांगितला असेल देव जाणे: जे दिसेल ते मांडायचं. दिसायला पाहिजे होतं ते नाही.

सुरुवातीला बाटली शाळेच्या पायरीवर असायची. तिला दोनदा शेळीनं लाथाडलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलींनीच चार दगड रचून अंगणाच्या कोपऱ्यात कंबरभर उंचीचा चौथरा केला. आत कोनाड्यात बाटली, वर नरसाळ्याचं तोंड. ढोरं फिरकू नयेत म्हणून भोवती सारवलं, आणि सारवलं म्हटल्यावर मुलीच त्या, रांगोळीही काढली. मी म्हटलं, काढा. सारवलेल्या जागेत मीही वहाणा काढून जायची. बाटली मात्र जपायची होती. लढाईमुळे साधी बाटली मिळायची मारामार. म्हणून बाटलीला बोट लावायचं नाही, दोन्ही हात एकमेकांत गुंतवून छातीशी धरायचे, खाली वाकायचं आणि डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचायचं, अशी शिस्त मी लावली. अकरा जणी रांगेनं यायच्या, वाकायच्या, बाजूला व्हायच्या. बघणाऱ्याला मोठं शिस्तीचं वाटे.

हेडमास्तर हसायचे. "बाई, मार्गशीर्ष लागला. आता पाऊस नाही तर मोजता काय?"

"पाऊस नाही हे मोजते," मी म्हणायची.

त्यांना ते उद्धट वाटायचं. असेलही.

आणि मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी बाटलीत दोन डोस पाणी निघालं.

आभाळ आरशासारखं स्वच्छ. आदल्या दिवशी कडक ऊन, रात्रभर चांदण्या. वाचायची पाळी कुंभाराच्या मुलीची होती. दहा-अकरा वर्षांची, अंगानं काटकुळी, पण तिची नजर भारी पक्की. ती धावत आली. "बाई, दोन डोस!"

"वेड लागलंय का? नीट बघ जा."

"बगितलं बाई. दोनदा बगितलं."

मी गेले, वाकले. पाणी होतं खरं. मला वाटलं मुलग्यांच्या वर्गातला कुणीतरी चावटपणा केला. मी त्या वर्गात जाऊन सगळ्यांना असं काही झापलं की दोघे तर रडायलाच लागले. त्यांचा काही संबंध नव्हता, हे नंतर कळलं. मुलीनं भिंतीवर निळा टिपका लावला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा दोन डोस. या खेपेला माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती बाहेर पडली त्या मुलीवर. "तूच ओततेस. खेळ मांडलाय का?"  तिचे डोळे भरून आले, पण पाणी काही तिनं खाली पडू दिलं नाही. म्हणाली, "बाई, म्या कशाला वतू? आन वतायचंच आसतं तर जरा कमी नसतं वतलं? कुनाला खरं वाटंल असं?"

बरोबर होतं तिचं. खोटं बोलणारा माणूस पटेल असं खोटं बोलतो. मी तिला जवळ घेऊन माफी मागायला हवी होती. मी नुसतं "हं, लाव टिपका," एवढंच म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

त्या आठवड्यात तिनंच तोड काढली. घरून कच्ची-पक्की सात बोळकी पदरात घालून घेऊन आली. म्हणाली, "बाई, पाऊस एकट्या बाटलीत कसा पडंल? पडला तर ह्यात बी पडंल की." कौलावर दोन, पायरीवर दोन, चौथऱ्याच्या भोवती तीन, अशी बोळकी मांडली. पुण्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली मी, मला हे सुचलं नव्हतं! मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत धपाटाच घातला.

तिसऱ्या मंगळवारी बाटलीत दीड डोस आणि सातही बोळकी कोरडी ठणठणीत. म्हणजे पाऊस नव्हताच. कुणीतरी सोमवारी सकाळची शाळा सुटल्यावर आणि दुपारची भरायच्या आत पाणी घालत होतं, कारण बाकी दिवसभर कुणी ना कुणी तिथं असेच आणि रात्री त्या वाटेला कुणी फिरकत नसे. मुलींनी निळा टिपका लावला, कारण बाटलीत पाणी होतं, आणि त्याखाली खडूनं लिहिलं: ‘पाऊस नाही. बोळकी कोरडी. पाणी कुठून आले माहीत नाही.’ आणि ठरलं, पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर घरी जायचं नाही, खिडकीआड बसून राखण करायची.

शनिवारी निरोप आला. दिपोटीसाहेब सोमवारी तपासणीला येत आहेत.

हेडमास्तर माझ्या वर्गात आले, भिंतीकडे बघितलं आणि मटकन बाकावर बसले. पिवळ्या टिपक्यांच्या ओळीत दर आठवड्याला एक निळा. दारातूनच दिसत होता. "अहो बाई, हे काय? भर हिवाळ्यात दर मंगळवारी पाऊस? साहेब म्हणतील, शाळा आहे का तमाशा? आणि वर काय लिहिलंय, तर माहीत नाही! शाळेच्या भिंतीवर कुणी ‘माहीत नाही’ लिहितं का?"

"पण खरं आहे ते."

"खरं असेल. कायम व्हायचंय ना तुम्हाला?" ते मुद्दाम लावून बोलले नव्हते, त्यांना खरोखरच माझी काळजी वाटत होती. म्हणूनच ते मला जास्त लागलं. "तीन टिपके तर आहेत. जरा हळद फिरवा त्यांच्यावर. कुणाला कळतंय?"

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला मी हळद कालवून शाळेत गेले. हो, गेले. लपवून काय उपयोग? रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे सांगलीचं स्वयंपाकघर नाचत होतं. मी स्वतःची समजूत घातली की तसंही ते पाणी पावसाचं नाहीच, मग पिवळा टिपकाच खरा. वकील गाठ पडला असता तर त्यालाही पटलं असतं. पहिल्या निळ्या टिपक्यावर मी बोट टेकवलं आणि हळद फिरवली.

टिपका पिवळा झाला नाही. निळीवर हळद बसली आणि तो हिरवागार झाला.

मी त्याकडे बघत उभी राहिले, आणि मागून आवाज आला, "बाई?"

कुंभाराची मुलगी दारात उभी. रविवारी वाचायची पाळी तिची होती, मी विसरलेच होते. माझं बोट हळदीनं माखलेलं. तिनं बोटाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण ती पोर काय म्हणाली? हळूच म्हणाली, "बाई, आमचं चुकलं हुतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "माझं चुकलं."

मी हात लुगड्याला पुसला, तो डाग कधीच गेला नाही. ती बाहेर गेली, हात गुंतवून वाकली, परत येऊन म्हणाली, "कोरडी हाय." आणि आपल्या बोटानं त्या दिवसाचा पिवळा टिपका लावून घरी गेली. उरलेले दोन निळे टिपके मी तसेच ठेवले.

सोमवारी साहेब सायकलवरून आले. उंच, कोरडे, चष्म्यावरून बघणारे. आधी बाकीचे वर्ग घेतले. माझ्या वर्गात यायला त्यांना साडेदहा होऊन गेले. सकाळची शाळा सुटायची वेळ झाली होती, पण मुलींना त्यांनी घरी सोडलं नाही. दारातच थांबले आणि भिंतीकडे बोट केलं. "हे काय?"

हेडमास्तर घाईघाईनं पुढं झाले. "तात्पुरत्या बाई आहेत साहेब. त्यांचाच प्रयोग आहे." ‘तात्पुरत्या’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी निम्मी सांगलीला पोचले.

साहेब भिंतीपाशी गेले. "मार्गशीर्षात पाऊस! आणि तोही वार बघून पडतो वाटतं. हे कुणी लावलं?"

कुंभाराची मुलगी उभी राहिली. "म्या."

"पाऊस पडला होता?"

"न्हाई."

"मग निळा का लावला?"

"बाटलीत पानी हुतं. जे दिसंल ते मांडायचं, असं बाईंनी सांगितलंय. आन खाली ल्हिवलंय की."

साहेबांनी चष्मा सरकवून खडूनं लिहिलेली ओळ मोठ्यानं वाचली. ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले. मग तिनं त्यांना बोळक्यांची हकीकत सांगितली, एकदाही न अडखळता, शेतावरची गोष्ट बापाला सांगावी तशी. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी माझी भीतीच विसरले. तेवढ्यात साहेब म्हणाले, "आणि हा हिरवा? हिरवं कसलं हवामान?"

 हेडमास्तर जमिनीकडे बघत होते. मुलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काही सांगणार नव्हती, हे मला तिच्या मानेवरून कळलं. आणि तेव्हाच मला कळलं की सांगायचं मलाच आहे.

"तो मी केला साहेब," मी म्हटलं.  "निळा होता. तुम्ही येणार म्हणून काल मी त्यावर हळद फिरवली. पटत नव्हता म्हणून खोडायला गेले."

"कुणी सांगितलं होतं?"

हेडमास्तरांनी टोपी सारखी केली. "कुणी सांगितलं असतं तरी बोट माझंच होतं," मी म्हटलं.

साहेब नुसतंच "हं" म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं. आता सगळं संपलं असं मी समजून चुकले, आणि गंमत म्हणजे मला एकदम हलकं वाटलं. काय व्हायचं ते होऊ दे!

"साहेब," कुंभाराची मुलगी म्हणाली, "आज सोमवार हाय. आमी आज राखन करनार हुतो."

साहेबांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि खरोखरच बसले. अकरा मुली, हेडमास्तर आणि मी त्यांच्या मागे श्वास रोखून उभे. किती वेळ गेला असेल कोण जाणे. नदीकडून एक म्हातारी आली. ओलेतं लुगडं, हातात पाण्याचा तांब्या. महादेवाच्या देवळाकडे निघाली होती. आमच्या चौथऱ्यापाशी थांबली, डोळ्यांवर आडवा हात धरून बघितलं, तांब्यातलं थोडं पाणी नरसाळ्यात वाहिलं, सारवलेल्या जमिनीला डोकं टेकवलं आणि दोन्ही हात जोडून उभी राहिली.

"अगं आई!" हेडमास्तर ओरडले.

ती त्यांचीच आई होती! मुली आधी तोंडावर हात धरून आणि मग हात सोडून हसायला लागल्या. हेडमास्तर धावत बाहेर गेले, त्यांच्या मागे आम्ही सगळे. "आई, अगं देव नाही तो! बाटली आहे, औषधाची!"

म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण जिभेत नव्हता. "मला शिकिवतोस व्हय रं? बाटली हाय, तर भवतीनं सारवत्यात कशाला? रांगोळी कुनासाठी? ह्या पोरी रोज सकाळी हात जोडून, वाकून पाया पडत्यात. ती मास्तरीन बाई बी पायातलं काडून जाती. मी काय आंधळी हाय? सोमवारचं महादेवाला जाताना वाटंतल्या देवाला तसंच सोडून जाऊ?"

 माझी सगळी शिस्त, ते हात गुंतवणं, ते वाकणं, ते वहाणा काढणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि मी इतकी हसले की पोट धरून खालीच बसले. विधवा बाई, मास्तरीण, साहेबांच्या देखत! पण साहेबही हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते. हेडमास्तरसुद्धा शेवटी हसले बिचारे, त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

साहेब कुंभाराच्या मुलीला म्हणाले, "आता वाच बघू, किती डोस झाले."

"आत्ता न्हाई साहेब," ती म्हणाली. "उद्या आठला. मधी वाचायचं न्हाई."

हेडमास्तरांनी डोळे मोठे केले. साहेबांनी मात्र मान डोलावली. "बरोबर. उद्या येतो." त्यांचा मुक्काम चावडीवर होता. माझ्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मी घरी जाऊन जेवायला बसले आणि ताट तसंच झाकून ठेवलं. हसून झालं होतं, पण त्या हिरव्या टिपक्याचं काय?

मंगळवारी आठला पाच मिनिटं असताना साहेब आले. सारवलेल्या जागेपाशी बूट काढले, मोजे काढले. मुलींच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले, आपली पाळी येईपर्यंत. मग दोन्ही हात एकमेकांत गुंतवून ते उंच साहेब असे काही खाली वाकले की त्यांचा डोळा बरोबर पाण्याच्या रेषेत आला.

"दीड डोस," ते म्हणाले.

"व्हय," कुंभाराच्या मुलीनं सांगितलं. "मला बी दीडच दिसला."

कुंपणापलीकडे हेडमास्तरांची आई उभी होती. मुद्दाम आली होती. "बग रं," ती लेकाला म्हणाली, "सायेब बी पाया पडला. आन म्हनं बाटली!"

साहेब सरळ झाले. ते हेडमास्तरांकडे वळले आणि म्हणाले, "तालुक्यातल्या पुष्कळ शाळांतून हवामानाच्या वह्या बघतो मी. कुठंही काही चुकलेलं नसतं. सगळं जिथल्या तिथं. म्हणून त्यातलं एक अक्षर मला खरं वाटत नाही." मग त्यांनी कुंभाराच्या मुलीला पुढं बोलावलं.  "तुला एक विचारतो. या बाई तात्पुरत्या आहेत. त्यांना ठेवायचं की नाही, ते मला लिहायचं आहे. तू काय सांगशील?"

अशा प्रश्नाला मोठ्या माणसाचीही जीभ अडखळते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्यावर खोटेपणाचा आळ घेतला होता, माफीही मागितली नव्हती. हळदीच्या बोटानं तिनंच मला पकडलं होतं. त्या सगळ्या वर्गात मला ओळखणारी तीच एक होती.

"लय वरडत्यात साहेब," ती म्हणाली. आणि थोडं थांबून म्हणाली, "पर खरं बोलत्यात."

मी ओरडणारी बाई, मी तिथं अकरा मुलींपुढं ढसाढसा रडले. नवरा गेला तेव्हासुद्धा लोकांपुढं मी अशी रडले नव्हते. साहेबांनी बूट हातात तसेच धरून हेडमास्तरांकडे शेरेबुक मागितलं, आणि चौथऱ्यावर टेकून, अनवाणी, माझ्या नावापुढं ‘कायम करावे’ असं लिहिलं.